पिशवी राखणारा सर्जन

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की पोखर्णी येतं. नृसिंहाच्या देवळामुळे हे गाव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे आणि परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच्या नावाचं स्टेशनही आहे. अशा गावातली एखादी सून चौथ्या महिन्यात परभणीला तपासायला जाते आणि दोन-तीन दिवसांनी परतते, तेव्हा घरात सगळ्यांना बजावलं जातं की पिशवीला टाका घातलाय, आता तिला हंडा-कळशी उचलू द्यायची नाही. टाका कुणी शोधला, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडत नाही. पडायचं कारणही नाही. पण प्रसूतिशास्त्राचं कुठल्याही देशातलं पाठ्यपुस्तक उघडलं, तर त्या टाक्याला एक आडनाव चिकटलेलं दिसतं. ते गोव्यातल्या एका गावावरून आलं आहे: शिरोडकर.

मराठवाड्यात दुसरा एक वाक्प्रचार याहून जास्त ऐकू येतो, तो म्हणजे पिशवी काढली. पांढरं जातं म्हणून, अंगावरून फार जातं म्हणून, ओटीपोटात दुखतं म्हणून, पुढे कॅन्सर होईल या भीतीने. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तोंडी तर तो इतका सरावाचा झाला आहे की, दाढ काढली म्हणावं तसा म्हटला जातो. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचं आयुष्य आज सांगावंसं वाटलं ते यामुळे. कारण या माणसाने जी नावाजलेली कामं केली, ती बहुतेक सगळी पिशवी न काढता भागवण्याची होती.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९चा, फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा. (वि. स. खांडेकर जिथे शिक्षक होते ते शिरोडे वेगळं, ते वेंगुर्ल्याकडचं. नावामुळे घोटाळा होतो.) गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. पणजीत १८४२पासून वैद्यकीय शाळा होती, तरी शिरोडकरांनी मुंबई गाठली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १९२३ साली एम.बी.बी.एस., १९२७ साली स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी., मग इंग्लंड, आणि १९३१ साली एफ.आर.सी.एस. परत आले ते जे. जे. रुग्णालयात. १९४०मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजात या विषयाचे प्राध्यापक झाले.

त्या काळच्या जे. जे.मधलं ऑपरेशन थिएटर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णांच्या हाती आलं ते १९४५च्या आसपास. त्याआधी पोट उघडायचं म्हणजे जखमेत पू होण्याची, पोटात संसर्ग पसरण्याची टांगती तलवार. रक्तपेढ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. येणारी बाई बहुधा रक्त कमी असलेली, पाच-सहा बाळंतपणं झालेली. अशा वेळी पोटावर सुरी न लावता योनीमार्गातून, म्हणजे शरीराने दिलेल्या वाटेनेच, काम उरकता आलं तर तिच्या जगण्याची शक्यता वाढे. आज कमीत कमी छेदाची शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्याला कॅमेरा, पडदा आणि पोटावरची तीन-चार भोकं आठवतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मात्र ही वाट फार आधीपासून होती. पोटावर एकही भोक न पाडणारी वाट. आजही पिशवी काढणं खरोखर भागच असेल आणि योनीमार्गातून ती काढता येण्यासारखी असेल, तर तोच मार्ग आधी निवडावा असं जगभरच्या अभ्यासांचं म्हणणं आहे. शिरोडकर या वाटेचे उस्ताद होते.

आता टाक्याकडे येऊ.

गर्भ न टिकण्याची कारणं अनेक असतात. पहिल्या तीन महिन्यांत पोट पडतं त्यात बऱ्याचदा गर्भातच काही दोष असतो. शिरोडकरांसमोर येणाऱ्या काही बायकांची कहाणी वेगळी होती. त्यांचे पहिले तीन-चार महिने बिनघोर जात. मग चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान, फारशा कळा नाहीत, फारसं रक्त नाही, आणि अचानक पाणमोट फुटून बाळ बाहेर. बाळ नीट वाढलेलं, व्यंग नसलेलं, फक्त जगण्याइतकं मोठं न झालेलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. घरचे नवस बोलत, उपास करवत, शेवटी मुलाचं दुसरं लग्न काढत. डॉक्टर विश्रांती सांगत आणि हार्मोन देत.

त्या हार्मोनांविषयी थोडं सांगायला हवं. अमेरिकेत त्या काळी असा गर्भपात टाळण्यासाठी स्टिलबेस्ट्रॉल नावाचं औषध सर्रास दिलं जाई. त्याचा उपयोग होत नाही, हे शिकागोच्या एका मोठ्या चाचणीत १९५३ सालीच दिसलं होतं. तरी ते चालूच राहिलं. १९७१ साली उमगलं की, ज्या आयांनी ते घेतलं त्यांच्या मुलींना तरुणपणी योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. काहीतरी द्यायचं म्हणून दिलेल्या औषधाची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

शिरोडकरांनी केलं ते साधं आणि चिकाटीचं होतं. अशा बायकांना ते गरोदरपणात पुनःपुन्हा आतून तपासत राहिले. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. गर्भाच्या सोनोग्राफीची सुरुवात ज्या निबंधापासून मानतात, तो ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा निबंध आला १९५८मध्ये. शिरोडकरांकडे होतं फक्त बोट. त्या बोटाला कळलं की या बायकांचं गर्भाशयाचं मुख, कळा सुरू नसतानाही, गुपचूप उघडत चाललेलं असतं. दोष गर्भात नव्हता, बाईच्या रक्तात नव्हता, नशिबात तर नव्हताच. गर्भाशयाच्या तोंडाची पकड ढिली होती. पिशवी धड होती, तिची नाडी सैल होती.

मग नाडी आवळायची. ऐकायला सोपं वाटतं. गर्भाशयाचं मुख हे दोन-अडीच इंचांहून लहान नळीसारखं असतं. त्याच्या समोर लघवीची पिशवी, मागे आतडं. सैलपणा असतो तो या नळीच्या वरच्या टोकाला, जिथे ती पिशवीला मिळते. खाली दिसतं त्या भागाला दोरा बांधून उपयोग नसतो, तो निसटतो. शिरोडकरांनी पुढच्या बाजूने लहानसा छेद घेतला, लघवीची पिशवी हलकेच वर सारली, मागेही तसाच छेद घेतला आणि वाकड्या, बोथट सुईने आतल्या अस्तराखालून पट्टी फिरवून वरच्या टोकाशी गाठ मारली. दोरा कसला वापरायचा हाही प्रश्नच होता. शरीराला न खटकणारे आणि वर्षानुवर्षं टिकणारे कृत्रिम धागे तेव्हा हाताशी नव्हते. मांडीच्या स्नायूंवर पांढरं, चिवट आवरण असतं. त्याची एक अरुंद पट्टी ते त्याच बाईच्या मांडीतून काढून घेत. दोरा तिच्याच अंगाचा, म्हणून अंगाला परका नाही.

१९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात त्यांनी यावर लेख लिहिला. त्यात ३० स्त्रियांचा दाखला आहे. प्रत्येकीचे किमान चार गर्भपात झालेले, काहींचे नऊ ते अकरा. हा अकराचा आकडा वाचून मी थांबलो होतो. अकरा वेळा दिवस राहणं, अकरा वेळा पोट दिसू लागणं, अकरा वेळा रिकाम्या हाताने घरी येणं. आणि तरीही बाराव्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर यायला तयार होणं.

शिरोडकर अगदी एकटेच या वाटेवर होते असं नाही. शिकागोच्या लॅश यांनी १९५०मध्ये सैल मुखाची दुरुस्ती सुचवली होती, पण ती गरोदर नसताना करायची, तिथला एक तुकडा कापून काढून. शिरोडकरांचं वेगळेपण असं की त्यांनी काहीच कापून टाकलं नाही आणि बाळ पोटात असतानाच मुख बांधलं. १९५७मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी त्याची सोपी आवृत्ती काढली. अस्तर न उघडता, बटव्याची नाडी ओवावी तसा मुखाभोवती दोरा ओवून आवळायचा, टोकं खाली ठेवायची, दिवस भरले की कापून ओढून घ्यायचा. ही पद्धत शिकायला सोपी आणि लवकर उरकणारी, म्हणून आज बहुतेक ठिकाणी घातला जातो तो मॅकडोनाल्डचा टाका. शिरोडकरांचा टाका लागतो तो मुख आखूड असेल किंवा तो सोपा टाका आधी निसटला असेल तेव्हा.

याहून वर, थेट पोटातून मुखाच्या मुळाशी पट्टी बांधण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बेन्सन आणि डर्फी यांनी १९६५मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासाठी पोट उघडावं लागे. आता तीच दुर्बिणीने होते, अर्ध्या सेंटिमीटरच्या दोन-तीन छेदांतून, आणि मांडीच्या आवरणाऐवजी कृत्रिम पट्टी वापरून. ती टाकलेल्या बाईचं बाळंतपण सिझेरियननेच करावं लागतं.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर हा लेख टाक्याची जाहिरात होईल. गर्भ न टिकणाऱ्या प्रत्येकीला टाक्याचा उपयोग होत नाही. १९९३ साली ब्रिटनमधल्या संस्थांच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात १,२९२ स्त्रिया होत्या आणि टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका होती. ३३ आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के निघालं, न घातलेल्यांत १७ टक्के. म्हणजे साधारण २५ जणींना टाका घातला तर एकीला फायदा. ज्यांचे तीन किंवा अधिक गर्भ असे उशिरा गेले होते त्यांना मात्र तो स्पष्ट होता. शिरोडकरांनी चार-चार गर्भपात झालेल्या बायका निवडल्या होत्या, ते उगाच नव्हतं. आज सोनोग्राफीत मुखाची लांबी मोजता येते. आधी अवेळी बाळंतपण झालेलं असेल आणि २४ आठवड्यांच्या आत ही लांबी २५ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टाक्याचा विचार होतो. काही जणींना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या योनीमार्गात ठेवूनही भागतं. पहिल्याच खेपेला, आधीचा काही इतिहास नसताना, केवळ खबरदारी म्हणून टाका सुचवला गेला तर कारण विचारायला संकोचू नये. आणि टाका घातल्यावर बाईला पाच महिने खाटेवर झोपवून ठेवण्याने गर्भ जास्त टिकतो, याला पुरावा नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. हंडा नको हे ठीक. घरात हिंडूफिरू द्यावं.

शिरोडकरांचं दुसरं मोठं काम अंग बाहेर येण्यावरचं. बायका हे दुखणं वर्षानुवर्षं लपवतात. बाळंतपणात पिशवीला धरून ठेवणारे बंध ताणले जातात. त्यात लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर ओझं. मग पिशवी खाली सरकते. साठीतल्या बाईला हे होतं तेव्हा पिशवी काढून खालचा भाग शिवणं समजण्यासारखं आहे. पण आपल्याकडे ते पंचविशीतल्या बाईलाही होतं, जिला अजून मूल हवं असतं.

तरुण बाईसाठी तेव्हा मँचेस्टरची म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया होती. तिच्यात पिशवी राहायची, पण गर्भाशयाच्या मुखाचा मोठा भाग कापला जायचा. परिणाम काय व्हायचा ते वरचं वाचलेल्या वाचकाला सांगायला नको. काहींचं मुख व्रणाने आवळून जाई आणि दिवस राहात नसत, राहिले तर काहींचा गर्भ टिकत नसे. अंग आत गेलं आणि मूल गेलं. शिरोडकरांनी या शस्त्रक्रियेतून मुख कापण्याची पायरीच काढून टाकली. पिशवीला मागे माकडहाडाकडे धरून ठेवणारे दोन बंध त्यांनी सुटे केले, पुढे आणले आणि मुखाच्या समोर एकमेकांवर ओढून शिवले. झोळीत बाळ बसावं तशी पिशवी त्या बंधांत बसते. हेही योनीमार्गातूनच. जिचे हे बंधच कमकुवत असत, तिच्यासाठी त्यांनी पोटातून करायची दुसरी युक्ती बसवली. पट्टीचं एक टोक मुखाच्या मागच्या बाजूला, दुसरं कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या कडेला. पट्टीने टांगलेली पिशवी वर राहते. मुंबईच्याच पुरंदऱ्यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाला पिशवी बांधण्याची आपली रीत काढली. या दोन्ही रीती आज दुर्बिणीतून केल्या जातात. पद्धत तीच, जखम लहान.

बंद झालेल्या गर्भनलिका उघडण्यावरही त्यांनी बराच काळ घालवला. आपल्याकडे या नलिका बंद होण्यामागे क्षयरोग पुष्कळदा असतो आणि एकदा त्याने आतलं अस्तर खाल्लं की नलिका उघडूनही फारसं साधत नाही. टेस्ट ट्यूब बेबी अजून दूर होती, तेव्हा हा एकच रस्ता उरे.

परदेशांत त्यांना शस्त्रक्रिया करून दाखवायला बोलावणी येत. १९६० साली त्यांचा ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी’ हा ग्रंथ एडिंबराच्या प्रकाशकांनी काढला आणि त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७१ साली पद्मविभूषण जाहीर झालं आणि त्या वर्षीच्या ७ मार्चला ते वारले. स्टिलबेस्ट्रॉलने होणाऱ्या कर्करोगाचा तो निबंध प्रसिद्ध झाला पुढच्याच महिन्यात.

त्यांच्यानंतर शस्त्रक्रियेची हत्यारं पार बदलली. पॅरिसचे राउल पामर स्त्रीरोगांसाठी दुर्बीण वापरू लागले होते ते १९४०च्या दशकात. १९८८मध्ये अमेरिकेत हॅरी राइक यांनी दुर्बिणीने अख्खं गर्भाशय काढलं. आता तालुक्याच्या गावातही पाटीवर दुर्बिणीची सोय लिहिलेली असते. बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते, व्रण दिसत नाही, आठवडाभरात हिंडू लागते. हे चांगलंच आहे. पण भोक कितीही लहान असलं, तरी त्यातून बाहेर काय काढलं हा प्रश्न राहतोच. शस्त्रक्रिया सोपी झाली की तिचं कारणही हलकं होत जातं, असा धोका मला दिसतो.

शेजारच्या बीड जिल्ह्याचं उदाहरण ताजं आहे. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा गवगवा झाल्यावर २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा होतो, खाड्याचे पैसे कापले जातात, फडात ना संडास ना आडोसा. मग पिशवीच नको, असं बाईलाही वाटू लागतं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी तिशीतच कायमची जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसतं गर्भाशय काढलं तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. पांढरं जाण्यावर बहुधा औषधं पुरतात. अंगावरून फार जात असेल तर हार्मोनची तांबी बसवता येते, गाठ असेल तर पुष्कळदा गाठच काढता येते. परभणी-गंगाखेडच्या पट्ट्यातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. तिथल्या बाईला कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नये.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, त्यांत टाका घातलेल्या बायकाही असतात. टाका ३६-३७ आठवड्यांना काढतात. मॅकडोनाल्डचा असेल तर काही मिनिटांचं काम, बऱ्याचदा भूलही लागत नाही. पण त्याआधीच, कारखान्याच्या तळावर, अनोळखी गावात कळा सुरू झाल्या तर तिथल्या नर्सला आत टाका आहे हे कळलं पाहिजे. टाका तसाच राहून कळा वाढल्या तर मुख फाटतं, क्वचित पिशवीही. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. टाका कुठला, कधी घातला आणि कधी काढायचा हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावं, आणि ती फाइल कोयत्याबरोबर, संसाराच्या गाठोड्यात, वरच ठेवावी.